एका गोधडीचे संवत्सर

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून, डिंभ्याच्या धरणात अडून आणि तेथून सुटून घोडेगावावरून पूर्वेकडे भीमेच्या भेटीस निघालेल्या घोड नदीच्या खोऱ्यात, आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळ नावाचे जे गाव आहे, त्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात मुख्यतः एकाच कारणासाठी घेतले जाते, आणि ते कारण कापडाचे आहे. याच गावी १९०८ साली एका निर्धन शेतकरी कुटुंबात बाबू गेनू सैद याचा जन्म झाला. घाटावरच्या कोरडवाहू जमिनीवर ज्यांचे पोट भरत नसे त्या असंख्य कुटुंबांप्रमाणे तोही मुंबईस गेला, कापडाच्या गिरणीत मजूर झाला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर विलायती कापडाच्या गठड्यांनी भरलेला ट्रक पोलिसांच्या बंदोबस्तात जात असता त्याच्या वाटेत आडवा होऊन चाकाखाली चिरडला गेला. त्या वेळी त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. आज मुंबईत त्याच्या नावाचा रस्ता आहे, पुण्यात मंडईजवळ त्याच्या नावाचे गणेशमंडळ आहे, डिंभे धरणाच्या जलाशयास ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात, आणि १२ डिसेंबर हा दिवस स्वदेशी दिन म्हणून पाळला जातो.

या हौतात्म्याचा नेहमीचा गौरव करून थांबण्यापूर्वी त्यातील एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. बाबू गेनू स्वतः कापड निर्माण करणाऱ्या यंत्रापाशी उभा राहणारा मनुष्य होता. कापूस, सूत आणि थान यांची किंमत कशी ठरते आणि त्यातला कोणता हिस्सा कोणाच्या हाती पडतो, हे त्यास ग्रंथ वाचून कळलेले नव्हते, ते पगाराच्या दिवशी कळलेले होते. असहकाराच्या पहिल्या लाटेत, १९२१ ते १९२२ या एका वर्षात, विदेशी कापडाची आयात १०२ कोटी रुपयांवरून ५७ कोटींवर आली होती. आणि १९३० साली विदेशी कापडाच्या बहिष्काराची चळवळ जेव्हा पुन्हा पेठांतून आणि गोद्यांतून उभी राहिली, तेव्हा तिच्या मुळाशी एकच साधा सवाल होता: हे वस्त्र कोणाच्या हातांनी झाले, आणि त्याचा मोबदला कोणाच्या घरी गेला? महाळुंग्याच्या या तरुणाने तो सवाल रस्त्यावर विचारला. पण त्याच महाळुंग्यात, आणि आंबेगाव-जुन्नरच्या घराघरांत, आणखी एक वस्त्र पिढ्यान् पिढ्या निर्माण होत आले आहे, ज्याच्या बाबतीत हा सवाल अद्याप कोणी धडपणे विचारलेला नाही. ते वस्त्र म्हणजे गोधडी.

गोधडी ही दारिद्र्याची खूण आहे, अशी समजूत नागर समाजात दीर्घकाळ रूढ होती, आणि गेल्या काही वर्षांत तीच गोधडी प्रदर्शनांच्या मांडवात लोककला म्हणून झळकू लागल्यावर ती समजूत एकाएकी उलटली. या दोन्ही मतांत एक सारखेपणा असा की शिवणाऱ्या बाईची विचारपूस त्यांपैकी कोणीच केली नाही. वास्तविक तुकड्यांस तुकडे जोडून केलेल्या वस्त्राची प्रतिष्ठा या मुलखात फार जुनी आहे. जुन्नरच्या भोवती मानमोडी, लेण्याद्री, तुळजा आणि शिवनेरी यांच्या कातळांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत, आणि त्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंनी जे चीवर परिधान करावयाचे, ते टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, शिवून केलेले असावे, हा पांसुकूलाचा आदर्श बौद्ध परंपरेने मानला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात तीन हजार कार्षापण नाण्यांचा अक्षयनिधी गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. आणि त्यातील व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे, असे मुकरर केले आहे. जुन्नरच्या लेखांतही बुरूड आणि कासार यांच्या श्रेणी आढळतात. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या प्रांतात कारागिरांच्या संघटनेची पत एवढी होती की राजकुळातील माणसाने आपला पैसा निर्धास्तपणे तिच्या हवाली करावा. ती पत पुढे गेली कोठे, याचा शोध हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय आहे; परंतु गोधडी शिवणाऱ्या बाईस आज अशी कोणतीही श्रेणी नाही, एवढे विदित आहे.

गावगाड्याच्या व्यवस्थेत शिंप्यास काम होते, साळ्या-कोष्ट्यांस पेठ होती, धनगराची लोकर विणून घोंगडी करणाऱ्या सणगराचा माग होता, आणि त्या प्रत्येकाच्या कामाचा काही ना काही हिशेब धान्यात अथवा नाण्यात होत असे. गोधडी मात्र या साऱ्या हिशेबाच्या बाहेर राहिली. ती घरच्या बाईने घरच्या कापडाची घरच्या माणसांसाठी शिवावयाची, म्हणून तिच्यावर ना जकात बसली, ना तिची नोंद कोणत्या दफ्तरात झाली. चिंध्यांचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे कागदी; जुन्नरी कागदाचा लौकिक मराठेशाहीत मोठा होता, आणि त्या कागदावर लिहिलेले हिशेब आजही वाचता येतात. गोधडीने काहीच लिहून ठेवले नाही. तिची दिनदर्शिका शेतीच्या हंगामांत मिसळून गेलेली असल्यामुळे ती वाचावयाची तर वर्षभराचा क्रम पाहावा लागतो.

हे वर्ष भाद्रपदाच्या अखेरीस सुरू होते. घट बसण्यापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुतले गेले पाहिजे, हा शिरस्ता या खोऱ्यात अजून बऱ्यापैकी टिकून आहे. सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात नदीवर, ओढ्यावर आणि आता पाटाच्या पाण्यावर गोधड्या बडवण्याचा आवाज येतो. ओली गोधडी एकटीच्या हाताने पिळली जात नाही. दोघी दोन टोके धरून उलटसुलट पीळ देतात, आणि मग ती खडकांवर पसरली जाते. धुण्याचा हा दिवसच तपासणीचा दिवस असतो. कोणत्या गोधडीचा वरचा पट विरला, कोणतीचे काठ उसवले, कोणतीतून आतले कापड डोकावू लागले, हे उन्हात पसरल्याबरोबर दिसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात काय शिवावयाचे याचा निर्णय तेथेच होतो. पुरती जीर्ण झालेली गोधडी सहसा टाकत नाहीत. तिच्यावर नवा पट चढवून तीच नव्या गोधडीचे पोट होते, आणि त्यामुळे एखाद्या घरातल्या जाड गोधडीच्या पोटात सासूची, तिच्या पोटात आजेसासूची, असा वंशवृक्ष दडलेला असतो.

दिवाळीत नवे कापड घरात येते आणि जुने मोकळे होते. भाऊबीजेचे लुगडे, पोरांचे सदरे, म्हाताऱ्याचे धोतर, यांच्या येण्याबरोबर मागील वर्षीच्या कपड्यांची निवृत्ती ठरते आणि ते बोचक्यात जमा होतात. मार्गशीर्ष-पौषात थंडी पडते, आणि शिवलेल्या कामाची परीक्षा होते. माघ-फाल्गुनात बाईस उसंत नसते. बटाटे निघत असतात, कांदे काढावयाचे असतात, तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा वेचण्याच्या गडबडीत असतात. हा हिरडा वस्त्रविद्येच्या दृष्टीनेही मोलाचा आहे, कारण त्यातील तुरट द्रव्य सुतास रंग पक्का धरावयास लावते आणि लोहाशी संयोग होताच काळा रंग देते. पण वेचणाऱ्यांच्या दृष्टीने तो रोख पैशाचा जिन्नस आहे, आणि त्यातला बहुतेक पोत्यांतून परमुलखी जातो. या दिवसांत रात्री फार तर उसवण्याचे काम होते. सदऱ्याच्या शिवणी उसवावयाच्या, गुंड्या काढून डब्यात टाकावयाच्या, जाड पट्ट्या आणि काज कापून वेगळे करावयाचे. कारण सुई जेथे अडेल असे काहीही पोटात राहता कामा नये.

चैत्रापासून वळिवाच्या पावसापर्यंत जो काळ मिळतो तो खरा शिवणाचा काळ. गावोगावच्या जत्रा, लग्ने आणि पाहुणेरावळे यांच्या गर्दीतून दुपारचे दोन-तीन तास जे उरतात, त्यांत ओटीवर, पडवीत किंवा देवळाच्या सावलीत गोधडी अंथरली जाते. नऊवारी लुगडे हा तिचा मूळ आधार होता, आणि त्यामागे एक सुबक गणित होते. नऊ वारांचे लुगडे आडवे फाडून चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा सव्वादोन वार भरतो. दोन-दोन तुकडे काठास काठ लावून जोडले की एका लुगड्यात खालचा आणि वरचा असे दोन्ही पट निघतात, आणि लांबीस माणूस पाय ताणून निजू शकतो. खालचा पट सारवलेल्या जमिनीवर ताणून त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर धोतराचे, परकराचे, पोलक्याचे तुकडे असे लावतात की कोठे उंचवटा नको आणि कोठे पोकळी नको. हे काम दिसावयास किरकोळ आणि करावयास सर्वांत अवघड; तुकडे चुकीचे लागले तर पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होते आणि गोधडी अंगाखाली टोचू लागते. वरचा पट पसरून झाला की कडेपासून मोठे कच्चे टाके घालून सारे थर जागच्या जागी धरतात, आणि मग खरा धावदोरा सुरू होतो.

हा धावदोरा कडेने निघतो, चारी बाजूंनी फिरत पुन्हा सुरुवातीच्या कोपऱ्याशी येतो आणि तेथून बोटभर आत सरकून दुसरा फेरा धरतो, आणि असा फेऱ्यामागून फेरा घेत देवळाच्या प्रदक्षिणेसारखा मध्याकडे जातो. दोघी-तिघी मिळून शिवत असल्या तर प्रत्येकीची बाजू ठरलेली असते, आणि जाणत्या बाईस नुसता टाका पाहून कोणती बाजू कोणी शिवली ते सांगता येते. जाड कापडातून सुई पार करण्यासाठी बोटात अंगुस्तान असले तर बरे, नाहीतर बोटाच्या टोकास घट्टे पडतात. प्रत्येक टाका कापडास किंचित आवळतो, त्यामुळे संपूर्ण पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात. या लाटांत हवा धरली जाते आणि ऊब राहते. शहरातील कलासमीक्षक ज्यास पोत म्हणतात, तो या थंडीच्या गरजेतून जन्मला आहे. मात्र गरज भागल्यावर बाई थांबते असेही नाही. लाल पटावर हिरव्या काठाची चौकट, मध्ये खणाच्या तुकड्यांचे त्रिकोण, कोपऱ्यास जरीच्या पट्टीचे ठिगळ, पोरासाठी शिवलेल्या दुपट्याच्या मधोमध कापडाचे पोपट किंवा चांदण्या, यांची थंडीस काहीच गरज नसते. तेथे निवड आहे, रंगांचा विचार आहे, पुनरावृत्ती टाळण्याची सावधता आहे. आणि ज्या गुणांसाठी आपण चित्रकारास कलावंत म्हणतो, ते गुण येथे उपस्थित असताना त्या बाईस तो शब्द नाकारण्याचे कारण सापडत नाही.

किती दिवसांत झाली, असा प्रश्न या खोऱ्यात विचारला तर उत्तर दिवसांत मिळत नाही. कांदे निघाल्यावर घातली आणि पेरणीच्या आत उरकली, असे उत्तर मिळते. ज्येष्ठात पाऊस लागला की उरलेसुरले टाके घाईने संपवून बाई शेतात जाते. आषाढ-श्रावणाच्या ओलीत नवी गोधडी वापरात येते, बाळंतपणास माहेरी आलेल्या लेकीच्या पोरास आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचे दुपटे मिळते, आणि भाद्रपदात पुन्हा नदी.

या संवत्सरास गेल्या अर्धशतकात मोठे तडे गेले, आणि ते का गेले हे पाहिल्यावाचून प्रदर्शनांची गोष्ट समजणार नाही. गोधडीचा कच्चा माल म्हणजे वापरून मऊ झालेले सुती कापड; आणि आंबेगाव-जुन्नरच्या घरांत ते बव्हंशी मुंबईच्या गिरण्यांतून येत असे, कारण त्या घरांतील एखादा तरी पुरुष तेथेच राबत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव म्हणून जे होते ते हळूहळू नाहीसे झाले. गिरणीची चाळ सुटलेली कुटुंबे गावाकडे परतली. त्याच सुमारास टेरिलीन आणि नायलॉन खेड्यांत पोचले, नऊवारीची जागा पाचवारीने आणि पाचवारीतही कृत्रिम धाग्याने घेतली. हे कापड घाम शोषत नाही, थरावरून थर निसटतो, सुईच्या टोकाशी सरकते आणि थंडीत अंगास गार लागते. बाया त्याच्याही गोधड्या शिवतात, रंग भडक आणि टिकाऊ असल्याने त्या दिसतातही देखण्या. परंतु जुन्या सुती गोधडीची ऊब त्यांस येत नाही. शिवाय सोलापुरी चादर आणि पानिपतचे रग्ज आठवडे बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर थंडीचे कारणही उरले नाही. ज्या वस्तूची घरास गरज उरत नाही तिला बाजार शोधावा लागतो, आणि गोधडीचा प्रदर्शनाकडे जाणारा रस्ता येथून सुरू होतो.

हस्तनिर्मित वस्तूंचे प्रदर्शन ही कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हे. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस पुण्याने सार्वजनिक काका म्हटले, ते १८७७ च्या दिल्ली दरबारास स्वतः कातलेल्या सुताच्या खादीचा पोशाख करून गेले. एका माणसाने आपल्याच अंगावर मांडलेले ते पहिले स्वदेशी प्रदर्शन म्हणावे लागेल. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याचा मांडव चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावठी साहित्यातून सजवला, आणि त्यास लागूनच खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने विणकर सेवा केंद्रे काढली. मुंबईच्या केंद्रात प्रभाकर बरवे यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकाराने दीर्घकाळ नोकरी केली, आणि मागावरचे काम व भिंतीवरचे चित्र यांत देवाणघेवाण होऊ शकते हे सिद्ध केले. परंतु ही सारी व्यवस्था मागाभोवती उभी होती. गोधडीस माग नाही, साळ्याची जात नाही, सोसायटी नाही. त्यामुळे ती सरकारी योजनांच्या चौकटीत फार उशिरा आली, आणि आली ती बचत गटांच्या दारातून.

आज दर वर्षी डिसेंबरात पुण्यास भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन भरते, आणि तेथील गाळ्यांवर पापड-मसाल्यांच्या शेजारी गोधड्यांची चळत मांडलेली असते. शहरातील मुली त्या दिवाणावर टाकण्यास घेतात, परदेशी राहणारे नातवंडांसाठी दुपटी घेतात, आणि एखादा जाणकार उलटी बाजू पाहून टाके मोजतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र सचित्र ग्रंथ सिद्ध करून हा विषय अभ्यासकांसमोर ठेवला, ही या क्षेत्रातील मोलाची कामगिरी होय. या सर्व प्रयत्नांमुळे गोधडीची लाज वाटणे संपले, हे उघड आहे. पण मांडवातल्या गोधडीवर चिठ्ठी असते ती किमतीची आणि फार तर गटाच्या नावाची. जिने ती शिवली तिचे नाव क्वचितच आढळते.

हे असेच असावे लागते, अशातला भाग नाही. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीय शेतमजुरांचे खेडे आहे. तेथील बायका कामाचे जुने कपडे, विजारी आणि पिठाच्या पिशव्या जोडून पिढ्यान् पिढ्या आपल्या घरासाठी पांघरुणे शिवीत होत्या. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ती पांघरुणे चित्रांसारखी भिंतीवर लावली गेली, प्रत्येकाखाली शिवणारीचे नाव लिहून. आणि २००६ मध्ये त्या देशाच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. पुढे त्या आकृत्यांच्या व्यापारातील पैशावरून तंटे न्यायालयात गेले, हेही सांगितले पाहिजे. परंतु तंटा करावयास नाव लागते. जिचे नाव कोठेच नाही तिला दावाही लावता येत नाही.

नावापाठोपाठ मोलाचा प्रश्न येतो. मोठी गोधडी दाट टाक्यांनी शिवावयाची आणि रोज तीन तास बसता येते असे धरले, तर साठ दिवसांत १८० तास होतात. शेतावरच्या आठ तासांच्या रोजाने हे साडेबावीस दिवसांचे काम झाले. वाचकाने आपल्या तालुक्यातील बाईमाणसाचा चालू रोज घेऊन हा गुणाकार स्वतः करावा, त्यात दोऱ्याचा आणि कापडाचा खर्च मिळवावा, आणि प्रदर्शनातील चिठ्ठीवरचा आकडा त्याच्या शेजारी मांडावा. आकडा कमी भरला तर त्याचा अर्थ एवढाच की ती बाई आपल्या मजुरीतून गिऱ्हाइकास देणगी देत आहे. जुने कापड फुकटचे आणि दुपारचा वेळ रिकामा, या दोन गृहीतकांवर गोधडीचा भाव ठरत आला, आणि ही दोन्ही गृहीतके घरातल्या माणसांनीच प्रथम केली, व्यापाऱ्यांनी ती फक्त उचलली.

या परिस्थितीत करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थांनी प्रत्येक गोधडीस शिवणारीचे नाव, गाव आणि लागलेले तास यांची चिठ्ठी सक्तीची करावी. ग्रामपंचायतींनी आपापल्या गावातील जुन्या गोधड्यांची छायाचित्रांसह नोंदवही ठेवावी. ठिगळातल्या लुगड्यांवरून गिरणी, पेठ आणि लग्नाचे साल सांगू शकणाऱ्या वृद्धा आणखी फार वर्षे भेटणार नाहीत. आणि स्वदेशी दिनाची भाषणे जेथे होतात, तेथे त्या दिवशी खोऱ्यातील गोधड्यांचे एक प्रदर्शन भरावे, असे सुचवावेसे वाटते; त्यासाठी महाळुंगे पडवळहून योग्य स्थळ महाराष्ट्रात दुसरे नसेल. ज्या गावाच्या मुलाने कापडाच्या गठडीपुढे आडवे होऊन ते कोणाचे असे विचारले, त्या गावास घरच्या कापडाविषयी तोच सवाल विचारण्याचा अधिकार सर्वांआधी आहे.

वाचकांस विनंती इतकीच की या हिवाळ्यात गोधडी विकत घेताना भाव करण्याआधी ती कोणी शिवली हे विचारावे, आणि त्या बाईच्या हाती किती पडणार हेही विचारावे. ज्यांच्या घरी आईची किंवा आजीची गोधडी आहे, त्यांनी ती माळ्यावरून काढून, धुऊन, तिच्या कोपऱ्यावर शिवणारीचे नाव आणि ठाऊक असेल तर साल, रंगीत दोऱ्याने घालून ठेवावे.